मूल बोलत नाही? ‘बोल बोल’ म्हणण्याआधी करायच्या गोष्टी, क्रमाने

“सगळं कळतं हो त्याला, फक्त बोलत नाही.” दीड-दोन वर्षांच्या मुलाचे आईबाबा बहुतेक याच वाक्याने सुरुवात करतात. मग घरात काय काय करून झालं ते सांगतात: भिंतीवर एबीसीडीचा तक्ता, मोबाइलवर गाणी, आणि उठता-बसता ‘म्हण बघू पाणी, म्हण ना’. मेहनत भरपूर असते, चुकतो तो क्रम. तोंडातून शब्द बाहेर पडणं ही सगळ्यात शेवटची पायरी. त्याआधी ऐकणं, माणसाकडे बघणं, खुणा करणं आणि समजणं येतं. घराघरांत मात्र शेवटच्या पायरीवरच सगळा जोर लावला जातो.

खालच्या पायऱ्या जन्मापासून साधारण चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. मूल अडीच वर्षांचं असलं तरी पहिल्या पायरीपासूनच सुरुवात करा.

## भाग पहिला: तयारी

### १. आधी कान

मागे उभं राहून टाळी वाजवली, त्याने वळून पाहिलं, म्हणजे कान चांगले, असं धरून चालू नका. ताट आपटल्याचा आवाज बराच कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही जाणवतो. सावली हलली, जमीन हादरली तरी ते वळतं. काही मुलांना ‘आ’, ‘ओ’ नीट ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक आवाज निसटतात. असं मूल हाकेला ओ देतं आणि शब्द मात्र अर्धेच पकडतं.

बाळाची ‘ओएई’ ही श्रवण तपासणी पहिल्या महिन्यात व्हायला हवी. त्यात शंका आली तर तीन महिन्यांपर्यंत पक्कं निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू, असं वेळापत्रक जगभर पाळतात. बाळ जन्मानंतर काचेच्या पेटीत होतं, कावीळ खूप चढली होती, मेंदूज्वर झाला होता, घराण्यात कोणाला लहानपणापासून कमी ऐकू येतं किंवा आईवडिलांचं लग्न नात्यातलं आहे, तर ही तपासणी टाळूच नका.

जन्मावेळची तपासणी ठीक आली होती आणि तरी बोलणं मागे पडलंय, तर पुन्हा करा. ऐकू येणं नंतरही कमी होऊ शकतं. सारखी सर्दी असणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं आणि त्यांना सगळं दबलेलं ऐकू येतं.

‘बेरा’ ही दुसरी श्रवण तपासणी लहान मुलांची बहुधा झोपेत करतात, आणि इथेच फेरी वाया जाते. निफाड-सिन्नरहून नाशिकला येणारी मुलं गाडीत छान झोपून घेतात आणि तपासणीच्या खोलीत टक्क जागी! त्या दिवशी लवकर उठवा, वाटेत जागं ठेवा आणि दूध तिथे पोहोचल्यावर पाजा. झोपेचं औषध देणार असतील तर खाण्यापिण्याची वेळ मात्र तिथूनच विचारून घ्या.

सावध: जीभ ‘सुटावी’ म्हणून वेखंड उगाळून मधातून चाटवायची पद्धत अजून आहे. वेखंडाने बोलणं येत नाही, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध देणं धोक्याचं आहे. जीभ खाली चिकटलेली असेल तर त्याने दूध ओढण्यात किंवा एखाद्या उच्चारात अडचण येऊ शकते, पण मूल शब्दच बोलत नाही याचं ते कारण सहसा नसतं. ती कापायची घाई करण्याआधी तज्ज्ञाला दाखवा.

### २. आठवडाभर वही

अंदाजाने बोलू नका, लिहा. चार रकाने पुरेत: काय समजतं, कोणत्या खुणा करतो, कोणते आवाज काढतो, कोणते शब्द बोलतो.

शब्द कशाला म्हणायचं यावर घरात वाद होतात. नियम सोपा आहे. तोच आवाज, त्याच गोष्टीसाठी, स्वतःहून, पुन्हा पुन्हा आला की तो शब्द. कुत्रा दिसला की दरवेळी ‘भू’, तर ‘भू’ हा शब्द आहे. ‘मंमं’, ‘भुर्र’, ‘हम्मा’, ‘बाऊ’ हे सगळे धरा. ‘पाणी’ला ‘पापी’ म्हणत असेल तरी धरा. मोबाइलवर ऐकून एक ते दहा म्हणत असेल, पण दोन बिस्किटं हवी असताना तोंड उघडत नसेल, तर ते आकडे मोजू नका.

वहीतली नोंद या खुणांशी ताडून बघा:

- ९ महिने: नावाने हाक मारली की बघतं. ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड चालू असते.
- १२ महिने: टाटा करतं, उचलून घ्यायला हात वर करतं, ‘नको’ म्हटलं की क्षणभर तरी थांबतं.
- १५ महिने: आई-बाबाखेरीज एखाद-दोन शब्दांचा प्रयत्न. हवी ती वस्तू बोटाने दाखवतं.
- १८ महिने: आई-बाबा सोडून तीन तरी शब्द. हाताने खूण न करता नुसतं सांगितलं तरी ‘चेंडू दे’ समजतं.
- २ वर्षं: दोन शब्द जोडतं. ‘बाबा गेले’, ‘अजून दूध’.
- अडीच वर्षं: सुमारे ५० शब्द.
- ३ वर्षं: दोन-तीनदा उलटसुलट बोलणं होतं. घराबाहेरच्या माणसालाही बरंचसं कळतं.

बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका, पण या खुणांशी जरूर करा. ‘याचे बाबाही उशिरा बोलले’, ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे ऐकून सहा-सहा महिने निघून जातात. मुलगे मुलींपेक्षा किंचित मागे असतात हे खरं, पण हा फरक थोडासा असतो. त्याच्या आधारावर दोन वर्षांच्या मुलाची गाडी थांबवून ठेवता येत नाही.

### ३. घरातला आवाज कमी करा

टीव्ही कोणी बघत नसला तरी चालू असतो. आजोबांच्या बातम्या, मग मालिका, मध्ये कुकरची शिट्टी. मोठ्यांना यातून बोलणं वेगळं काढता येतं, बाळाला नाही. शिवाय टीव्ही चालू असला की मोठी माणसंच मुलाशी कमी बोलतात, आणि खरं नुकसान तिथे होतं.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं म्हणणं स्पष्ट आहे: एक वर्षाखाली स्क्रीन नाही, दुसऱ्या वर्षातही नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तर उत्तम. परगावच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालेल, कारण समोरचा माणूस उत्तर देतो.

एकदम सगळं बंद केलंत तर घरात महाभारत होईल. आधी जेवणाच्या वेळचा मोबाइल काढा. तीन-चार दिवस मूल कमी जेवेल, रडेल. ते निभावलं की पुढचं सोपं जातं. आजोबांना टीव्ही बंद करायला सांगण्यापेक्षा ‘सकाळचा एक तास तुम्ही आणि नातवंड’ अशी जबाबदारी दिलेली जास्त चालते.

पुढे जाण्याआधी तपासा: श्रवण तपासणीची तारीख घेतली? वही भरली? दिवसातला निदान एक तास घर शांत आहे? मग पुढे.

## भाग दुसरा: रोजचं काम

### ४. खाली बसा आणि त्याच्या मागे चला

मुलाला तुमचे ओठ आणि डोळे दिसायला हवेत. म्हणून जमिनीवर बसा, समोर बसा. कडेवर घेऊन कानात बोललेलं त्याला ऐकू येतं, पण तोंड दिसत नाही.

मग दोन मिनिटं काहीच करू नका. ते कशाकडे बघतंय ते पाहा आणि त्याच गोष्टीबद्दल बोला. मूल डब्याच्या झाकणात रमलंय आणि आपण ‘हा बघ हत्ती, हा बघ’ करत हत्ती नाकापुढे नाचवतो. त्याचं लक्ष झाकणावर आहे, तर आजचा शब्द ‘झाकण’. उघडलं, लावलं, पडलं, फिरतंय!

खेळणी महागडी नकोत. वाट्या, झाकणं, कपड्यांचे चिमटे, रिकामा डबा पुरतो. दिवे लागणारी, बटण दाबलं की स्वतःच बोलणारी खेळणी या कामाला वाईट, कारण तुमची पाळी तेच घेऊन टाकतात.

### ५. शब्दाआधी खुणा आणि पाळी

ही पायरी सर्रास गाळली जाते. बोट दाखवणं, मान हलवणं, टाटा, ‘ये ये’ हे सगळं बोलण्याच्या अलीकडचं बोलणं आहे. खुणा केल्या तर मूल आळशी होईल, ही भीती निराधार आहे. ज्या मुलांच्या खुणा भरपूर, त्यांचे शब्द सहसा मागोमाग येतात.

पाळी शिकवायला चेंडू घ्या. तुम्ही ढकला, थांबा, त्याला ढकलू द्या. त्याने ‘आ’ केलं, तुम्हीही ‘आ’ करा आणि थांबा. पदराआड लपून ‘भ्वा’ करणं, तळहातावर मोर नाचवणं, आजीच्या मांडीवरचे झोके हे सगळे पाळीचेच खेळ आहेत. नेहमीचं गाणं म्हणताना शेवटचा शब्द गाळा आणि त्याच्याकडे बघत राहा. तो पाय हलवेल, हसेल, एखादा आवाज काढेल. ती त्याची पाळी झाली, मग तुम्ही शब्द पुरा करा.

सावध: पाहुण्यांपुढे ‘काकांना टाटा करून दाखव, गाणं म्हणून दाखव’ हे बंद करा. तिथे मूल परीक्षेला बसतं, आणि बहुतेक मुलं तोंड मिटून घेतात.

### ६. रोजच्या कामात शब्द पेरा

वेगळा ‘बोलण्याचा तास’ नको. अंघोळ, जेवण, कपडे, बाहेर जाणं रोज त्याच क्रमाने होतं. तेच शब्द तिथेच पुन्हा पुन्हा पडतात आणि म्हणून लक्षात राहतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्या बाबांना दिवसाकाठी अर्धा तास मिळत असेल, तर अंघोळ त्यांनी घालावी. एकच काम, पण रोज त्यांचंच.

बोलायचं कसं? आपण करतोय ते आणि ते करतंय ते, छोट्या वाक्यांत. “पाणी ओतलं. गरम! आता साबण. पोटाला साबण. पाय कुठे? हा पाय.” मूल अजून एकही शब्द बोलत नसेल तर एक-दोन शब्दांचीच वाक्यं. पण ती खरी, व्याकरणाची हवीत: ‘चेंडू पडला’ म्हणा. बोबडं बोलू नका. ‘भूभू’, ‘माऊ’ चालतील, ते आपल्या भाषेतलेच शब्द आहेत. ‘तुला ताय पायजे ले’ हे चालणार नाही, कारण मग त्याला नमुना मिळतो तोच चुकीचा. सूर मात्र थोडा चढा, लाडाचा ठेवा, बाळं त्याकडे जास्त लक्ष देतात.

क्रियापदं विसरू नका. पालक वस्तूंची नावं शिकवत बसतात: सफरचंद, विमान, जिराफ. नुसत्या नावांनी वाक्य होत नाही. ‘दे’, ‘ये’, ‘उघड’, ‘संपलं’, ‘अजून’, ‘नको’ हे शब्द दिवसात पन्नासदा लागतात. त्यांनी मुलाचं कामही होतं. आधी हे द्या, जिराफ नंतर.

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात मुलाला नेत असाल तर गर्दी आणि आरडाओरडा वाढण्याआधी न्या. सगळ्या भाज्यांची नावं घेऊ नका, एकच धरा. “मेथी. हिरवी मेथी. पिशवीत टाक. अजून मेथी?” घरी आल्यावर निवडताना पुन्हा तीच मेथी. एक शब्द तीन ठिकाणी भेटला की तो टिकतो. शहराच्या सिटीलिंक बसमध्येही तेच: थांबली, निघाली, उतरायचं.

सावध: द्राक्षांच्या दिवसांत ‘एक द्राक्ष, अजून एक’ हा खेळ छान होतो. पण चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष कधीच देऊ नका, ते घशात अडकतं. उभं चिरून चार फोडी करा.

### ७. थांबा

हे सगळ्यात सोपं दिसतं आणि सगळ्यात अवघड जातं. काही बोललात की मनात दहापर्यंत आकडे मोजा, ओठ मिटून, चेहरा उत्सुक ठेवून. लहान मुलाला ऐकलेलं जुळवून उत्तर काढायला वेळ लागतो. आपण दोन सेकंदांत दुसरा प्रश्न टाकतो, मग तिसरा, मग उत्तरही आपणच देतो.

एकत्र कुटुंबात याची वेगळी अडचण असते. मुलाने स्वयंपाकघराकडे नजर टाकायचा अवकाश, आजी बिस्किट घेऊन हजर! प्रेम आहेच, पण त्याला मागायची गरजच उरत नाही. आजीला ‘देऊ नका’ म्हणू नका. ‘द्या, पण हातात दोन गोष्टी धरून विचारा’ असं सांगा: “केळं की बिस्किट?” मग थांबायचं. त्याने बोट केलं तर “केळं! केळं हवं” म्हणून लगेच द्यायचं.

गरज तयार करायचे आणखी काही मार्ग: आवडीची वस्तू पारदर्शक, घट्ट झाकणाच्या बरणीत दिसेल अशी ठेवा. दूध पेल्यात दोन घोटच ओता. झोका द्या आणि मध्येच धरून ठेवा. फुगा फुगवा, सोडा, पुढचा हातात धरून बसा.

सावध: ‘पाणी म्हण, तरच पाणी देईन’ हे करू नका. नजर, खूण, आवाज, काहीही आलं की वस्तू द्या आणि शब्द तुम्ही म्हणा. अडवून धरलं की मूल रडायला शिकतं. जेवण आणि पाणी तर कधीच अडवू नका.

प्रश्न कमी करा, हेही यातच आलं. ‘हे काय? याचा रंग कोणता? गाय कशी करते?’ असा दिवसभर मारा झाला की घराची शाळा होते. एका प्रश्नाला चार साधी वाक्यं, एवढं प्रमाण ठेवा.

### ८. एकच शब्द वाढवा

त्याने ‘गाडी’ म्हटलं, तुम्ही ‘लाल गाडी’ किंवा ‘गाडी गेली’ म्हणा. ‘गाडी गेली’ म्हटलं की ‘गाडी घरी गेली’. त्याच्यापेक्षा एक पाऊल पुढे, दहा नाही.

चूक सुधारायची तीही अशीच, बोलता बोलता. ‘मी करलं’ ऐकलं की “हो, तू केलंस!” एवढंच. बाबांचं ऐकून मुलगी ‘मी आलो’ म्हणते, त्यावर हसू नका, “आलीस का? ये!” म्हणा. ‘असं नाही, पुन्हा नीट म्हण’ हे वाक्य घरातून काढून टाका. ‘काका’चं ‘ताता’, ‘र’चा ‘ल’, ‘ळ’चा ‘ल’ या वयात स्वाभाविक आहे. क आणि ग साधारण साडेतीन-चार वर्षांपर्यंत जागेवर येतात, र आणि ळ त्याहून उशिरा.

### ९. पुस्तक आणि गोष्ट

जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक, रोज तेच, पाच मिनिटं. मजकूर वाचायची गरज नाही, चित्राबद्दल बोला. पानं त्याने उलटायची, मागची पुढे झाली तरी चालेल. घरच्या फोटोंचा अल्बम तर याहून बरा: आत्या, मामा, आजोबांची स्कूटर.

## भाग तिसरा: भाषा किती?

आजी अहिराणीत, आईबाबा मराठीत, शेजारी हिंदीत, आणि प्ले-ग्रुप इंग्रजी. नाशिकमध्ये हे नेहमीचं चित्र आहे. दोन-तीन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. मात्र शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजा. ‘ये’ मराठीत आणि ‘बॉल’ इंग्रजीत, तरी शब्द दोन.

घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. शाळेची तयारी म्हणून आईबाबा स्वतःला न रुळलेल्या इंग्रजीत बोलू लागतात: ‘कम, ईट, सिट’. वाक्यं तुटक होतात, गोष्टी, चेष्टा, रागवणं सगळं आटतं. ज्या भाषेत तुम्ही भांडू शकता आणि लाडही करू शकता, त्याच भाषेत मुलाशी बोला. आजीची अहिराणी बंद करू नका, घरात सगळ्यात जास्त बोलणारं माणूस बहुधा तीच असते.

## भाग चौथा: कधी, कुठे जायचं

### १०. वाट न बघण्याच्या खुणा

- कोणत्याही वयात येत असलेले शब्द किंवा खुणा गेल्या.
- नऊ-दहा महिने झाले तरी बडबड नाही, हाकेला प्रतिसाद नाही.
- वर्ष झालं तरी एकही खूण नाही.
- १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही.
- १८ महिन्यांपर्यंत बोट दाखवून ‘ते बघ’ करत नाही, नजरेला नजर देत नाही. इथे बालरोगतज्ज्ञांना स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) चाळणी-प्रश्नावलीबद्दल विचारा, ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते.
- दोन वर्षं झाली तरी स्वतःहून दोन शब्द जोडत नाही.

‘शाळेत घातलं की बोलेल’ हा सल्ला इथे लागू नाही. ऐकू न येणारं किंवा समजण्यात अडलेलं मूल तीस मुलांच्या गलक्यात आणखी मागे पडतं.

सुरुवात बालरोगतज्ज्ञापासून करा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. ताईंकडून तारीख विचारून ठेवा आणि वही दाखवा. पथक पुढच्या तपासणीसाठी पाठवतं. त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात थेट चौकशी केली तरी चालते. मुंबईला जायची तयारी असेल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाचा आणि श्रवण याच कामासाठी. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी परत निघता येतं. खासगी वाचा-उपचारतज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे संकोच न करता विचारा.

### ११. अडखळणं सुरू झालं तर

दोन ते पाच वर्षांत बरीच मुलं एकाएकी ‘मी मी मी मला’ असं अडखळू लागतात. बहुतेकांचं आपोआप थांबतं. ‘हळू बोल, श्वास घे’ म्हणू नका, वाक्य त्याच्यासाठी पुरं करू नका. स्वतः सावकाश बोला आणि त्याचं संपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहा. सहा महिन्यांहून जास्त चाललं, बोलताना चेहरा ताणला जाऊ लागला, डोळे मिटू लागला किंवा घराण्यात कोणी तोतरं बोलतं, तर तज्ज्ञाकडे जा.

### १२. पहिल्या भेटीला जाताना

वही, जन्माची कागदपत्रं, लसीकरणाचं कार्ड, श्रवण तपासणीचा अहवाल आणि घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ न्या: एक खेळतानाचा, एक जेवतानाचा, एक काही मागतानाचा. नव्या खोलीत मूल गप्प बसतं, व्हिडिओत खरं दिसतं. दिवसभर मुलासोबत जे असतं, आजी असो की सांभाळणाऱ्या मावशी, त्यांनाही घेऊन जा. आठवड्याच्या पाऊण तासात तज्ज्ञ दिशा दाखवतील, रोजचा सराव घरीच होणार आहे. म्हणून उठण्याआधी हा प्रश्न नक्की विचारा: “या आठवड्यात अंघोळीच्या वेळी आणि जेवताना नेमकं काय करायचं?” उत्तर तिथेच वहीत लिहून घ्या आणि करून दाखवायला सांगा.